डेकवरील जोडसामान बसवण्यासाठी इपॉक्सी

नौकेच्या डेकवर क्लीट (दोर बांधायचा खुंट), विंच (दोर ताणायचा फिरता रहाट), कठड्याचे खांब असे जोडसामान बोल्टने पक्के करताना, बोल्टसाठी पाडलेल्या छिद्राची आतली बाजू इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या द्रव्याने) भरून बंदिस्त करण्याची पद्धत. फायबरग्लासच्या नौकांची बांधणी आणि दुरुस्ती यांत ती प्रामुख्याने वापरतात. छिद्रात शिरलेले पाणी डेकच्या गाभ्यापर्यंत पोहोचू नये हा तिचा मुख्य हेतू. बोल्ट आवळताना डेक चेपू नये, हेही तिच्यामुळे साधते.

बहुतेक फायबरग्लास डेक एकसंध नसतात. वर आणि खाली फायबरग्लासचे पातळ थर, आणि मध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोमचा हलका गाभा. वजन फारसे न वाढवता डेकला ताठपणा येतो तो या रचनेमुळे, पण तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटून असतील तोवरच. छिद्र पाडले की गाभ्याची कड उघडी पडते. वरचे सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचीक लेप, काही वर्षांनी सुटते आणि पाणी थोडे थोडे आत उतरू लागते. बाल्साचे तंतू उभे ठेवलेले असतात, त्यामुळे आडवे पसरताना पाण्याला अडथळा होतो. मात्र बाल्साच्या तुकड्यांमधल्या फटी बांधणीच्या वेळी नीट भरल्या नसतील, तर त्याच पाण्याच्या वाटा होतात. प्लायवूडमध्ये आडव्या तंतूंमधून ओल बरीच लांब जाते. हळूहळू लाकूड कुजते, थर सुटतात, आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसत राहतो. अशा जागी प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून पाहिले तर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. केबिनच्या छतातून पाणी ठिबकू लागेपर्यंत थांबणे महागात पडते, कारण तोवर गाभा बहुधा भिजलेला असतो. फोम कुजत नाही. पण बोल्टच्या दाबाखाली तोही चेपतो.

कामाची रीत अशी. बोल्ट 8 मिलिमीटरचा असेल तर छिद्र 12 ते 14 मिलिमीटरचे पाडतात. ते वरच्या थरातून आणि गाभ्यातून नेतात, पण शक्य असल्यास खालचा थर तसाच ठेवतात, म्हणजे आपोआप तळ मिळतो. खालचा थरही भेदला गेला असेल तर खालून चिकटपट्टी लावतात. जुने छिद्र मोठे करायचे नसेल तर काटकोनात वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून फिरवतात. दोन थरांमधला गाभा तो आतल्या आत कुरतडून काढतो आणि वरचे छिद्र लहानच राहते. भुसा काढून पोकळी पूर्ण वाळू देणे ही या कामातली सर्वांत कंटाळवाणी पायरी, पण ओल्या गाभ्यावर इपॉक्सी ओतणे म्हणजे पाणी आत कोंडून ठेवणे. त्यानंतर आधी पातळ इपॉक्सी ब्रशने लावून गाभ्याच्या कडेत मुरू देतात. ती ओली असतानाच सिलिकासारखी पूड घालून घट्ट केलेली इपॉक्सी सिरिंजने तळापासून वर भरत आणतात. वरून ओतली तर हवेचे बुडबुडे आत अडकतात. सगळे कडक झाल्यावर बरोबर मध्यभागी बोल्टच्या मापाचे छिद्र पाडायचे. आता बोल्टभोवती सलग इपॉक्सीची भिंत असते आणि गाभ्याशी त्याचा संबंध उरत नाही.

पॉलिएस्टर रेझिनवर काम केलेल्यांची इथे हमखास एक चूक होते. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरक थोडा कमीजास्त केला तर घट्ट होण्याचा वेग बदलतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतः अभिक्रियेत भाग घेतो, म्हणून उत्पादकाने दिलेले प्रमाण मोडले की ती कायमची मऊ किंवा ठिसूळ राहते. वेग बदलायचा असेल तर हार्डनरचा प्रकारच बदलावा लागतो. अभिक्रियेत उष्णताही निर्माण होते. भरलेल्या कपात राहून गेलेले मिश्रण तापून धुरावू शकते, त्यामुळे मोठी पोकळी टप्प्याटप्प्याने भरतात. काही हार्डनरमुळे कडक झालेल्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो. पुढचा थर देण्याआधी तो पाण्याने घासून धुवावा लागतो.

इपॉक्सीने गाभा बंद झाला तरी जोड बंद होत नाही, आणि हा फरक न ओळखल्याने अनेक चांगली कामे वाया जातात. इपॉक्सी कडक असते, तर भार पडल्यावर जोडसामान किंचित हलते आणि धातू व फायबरग्लास उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात. म्हणून जोडसामानाखाली लवचीक सीलंट हवेच: ब्यूटाइल टेप, पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन. पॉलिसल्फाइड अ‍ॅक्रिलिक व पॉलिकार्बोनेटला बाधते, त्यामुळे त्या प्लॅस्टिकच्या खिडक्यांना ते लावत नाहीत. छिद्राच्या वरच्या कडेला हलका उतार दिला की तिथे बोल्टभोवती सीलंटचे कडे तयार होते. आवळताना बोल्ट स्थिर धरून खालून नट फिरवतात, नाहीतर हे कडे तुटते. खाली रुंद आधारपट्टी असावी. क्लीटवरचा ओढ एकट्या वॉशरवर सोडू नये.

जोडसामान थेट इपॉक्सीतच चिकटवण्याची पद्धतही आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या गूजन बंधूंनी 1970च्या दशकात लाकडी नौकांसाठी इपॉक्सीचा वापर लोकप्रिय केला. ही पद्धतही त्यांनी पुरस्कारलेली. स्क्रूच्या आट्यांवरचा भार इपॉक्सीमुळे आजूबाजूच्या जास्त लाकडावर वाटला जातो. पुढे बोल्ट काढावा लागेल असे वाटत असेल तर त्याला आधी मेण चोळतात. मेण न लावलेला बोल्टही निघतो: त्याच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंगची कांडी थोडा वेळ टेकवली की भोवतालची इपॉक्सी मऊ पडते आणि तो फिरवून काढता येतो.

न घट्टावलेली इपॉक्सी त्वचेला वारंवार लागली तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. हातमोजे घालूनच काम करावे, आणि अंगाला लागलेली इपॉक्सी अ‍ॅसिटोनने पुसू नये.