अविश्वास गृहीत धरून

१९८६ सालच्या जुलै महिन्यात कझाकस्तानातल्या करकरालिंस्क गावाजवळ काही अमेरिकी शास्त्रज्ञ खडकावर भूकंपमापक बसवत होते. तिथून दोनशेएक किलोमीटरवर सेमिपालातिन्स्क, म्हणजे सोव्हिएत संघाचं मुख्य अणुचाचणी क्षेत्र. परदेशी माणसाला त्या भागात फिरकूही देत नसत. पण हे लोक चोरून आले नव्हते आणि अमेरिकी सरकारनेही त्यांना पाठवलं नव्हतं. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही अमेरिकेतली खासगी पर्यावरण संस्था आणि सोव्हिएत विज्ञान अकादमी यांच्यात मे महिन्यात करार झाला होता आणि दीड महिन्याच्या आत यंत्रं सुरूही झाली.

गोर्बाचेव्ह यांनी आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून आपल्या चाचण्या एकतर्फी बंद ठेवल्या होत्या. अमेरिकेनेही तसंच करावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यावर रेगन सरकारचं एक ठरलेलं उत्तर असे: बंदी पाळली जाते की नाही, हे तपासता येत नाही. मग काही भूकंपशास्त्रज्ञ उठले आणि तपासायलाच जाऊन बसले.

अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांनी काढलेली पत्रकं, सह्यांच्या मोहिमा, आइन्स्टाइन यांचं नाव असलेला १९५५ चा लंडनचा जाहीरनामा, हे सगळं आपल्या ऐकण्यात असतं. त्याचं मोल आहेच. पण शास्त्रज्ञांचं खरं कर्तृत्व मला त्यांच्या दुसऱ्या, बऱ्याच रुक्ष कामात दिसतं. शत्रूवर विश्वास टाकावा की नाही, हा वाद शंभर वर्षं घातला तरी मिटत नाही. त्यांनी त्या जागी मोजता येईल असा प्रश्न आणून ठेवला.

दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांमधल्या या संवादाची बैठक घातली गेली ती पगवॉशला. पहिली परिषद खरं तर दिल्लीला व्हायची होती, नेहरूंनी आमंत्रणही दिलं होतं. पण १९५६ मध्ये सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं आणि तो बेत बारगळला. शेवटी सायरस ईटन या उद्योगपतीने आपल्या जन्मगावी, कॅनडातल्या पगवॉश नावाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यात, सगळ्यांची सोय केली. जुलै १९५७ मध्ये तिथे १० देशांतले २२ जण जमले. मागे उभे होते जोसेफ रोटब्लाट. जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे कळल्यावर १९४४ च्या अखेरीस अणुबॉम्ब बनवण्याचा अमेरिकेचा मॅनहॅटन प्रकल्प सोडून आलेले हेच ते भौतिकशास्त्रज्ञ. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने बोलायचं, देशाच्या वतीने नाही. आणि आत कोण काय म्हणालं ते बाहेर सांगायचं नाही, असा शिरस्ता पडला. पुढे १९९५ चं शांततेचं नोबेल रोटब्लाट आणि या परिषदा भरवणारी पगवॉश संघटना यांना विभागून मिळालं.

पुढच्याच वर्षी, १९५८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, जिनिव्हात अमेरिकी आणि सोव्हिएत अशा दोन्ही गटांच्या तज्ज्ञांची अधिकृत बैठक भरली. हवेतला आणि पाण्यातला स्फोट लपत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. अडचण होती ती जमिनीखालच्या स्फोटाची. शेकडो मीटर खोल बोगद्यात उडवलेला बॉम्ब आणि भूकंप यांतला फरक हजारो किलोमीटर दूर बसून कसा ओळखायचा?

भूकंपात भूकवचातल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. खडकाला आडवे हिसके बसतात. त्यामुळे भूकंपाच्या आलेखात कातर लहरी, म्हणजे एस लहरी, आणि जमिनीच्या पृष्ठभागालगत सावकाश पसरणाऱ्या लांब लहरी ठसठशीत उमटतात. स्फोट मात्र खडकाला एकाच क्षणी सगळीकडून बाहेर रेटतो. त्याची बरीचशी ऊर्जा दाबाच्या, म्हणजे पी लहरींत जाते. पी लहरी सर्वांत वेगवान, म्हणून आलेखात सुरुवातीलाच उंच सुळका दिसतो आणि मागची शेपूट त्या मानाने किरकोळ असते. दुसरी खूण पहिल्या धक्क्याची. स्फोटाच्या पहिल्या लहरीने चहूकडच्या स्थानकांवर जमीन आधी वर उचलली जाते. भूकंपात काही दिशांना ती आधी वर जाते, काही दिशांना आधी खाली. तिसरी खूण खोलीची. हादऱ्याचा उगम पन्नास किलोमीटर खाली निघाला तर संशय घ्यायचं कारणच उरत नाही, इतकं खोल कुठल्याच सरकारला खणता येत नाही.

कागदावर हे सोपं वाटतं. पण कठीण खडकातला एक किलोटनचा, म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाएवढा, स्फोट साधारण ४ रिश्टरच्या भूकंपाएवढा हादरा देतो, आणि त्या प्रतीचे भूकंप जगात दरवर्षी हजारोंनी होतात. हादरा लहान झाला की वारा, समुद्राच्या लाटा, वाहतूक यांच्या खडखडाटात वरच्या सगळ्या खुणा बुडू लागतात. जिनिव्हाच्या तज्ज्ञांनी १६० ते १७० स्थानकं आणि दहाएक जहाजं असं जाळं सुचवलं. ते पुरेल का, यावर लगेच शंका निघाल्या. १९५९ मध्ये अल्बर्ट लॅटर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने तर पळवाटच दाखवली: जमिनीखाली मोठी पोकळी करून तिच्या मधोमध बॉम्ब उडवला, तर हादरा कितीतरी पटींनी दबेल. अमेरिकेने १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या मिठाच्या थरात, आधीच्या एका स्फोटाने झालेल्या पोकळीत, हे करून पाहिलं. हादरा सुमारे सत्तर पटींनी कमी भरला. लॅटर यांचं म्हणणं खरं ठरलं. फक्त मोठ्या बॉम्बसाठी तेवढी पोकळी कुणाच्या नजरेस न पडता खणणं आणि उपसलेला माल दडवणं हे काम चाचणीपेक्षा अवघड आहे.

दरम्यान राजकारण्यांची घासाघीस एका आकड्यावर येऊन अडकली होती. संशयास्पद हादरा झाला तर जागेवर जाऊन तपासणी वर्षातून किती वेळा करायची? सोव्हिएत संघ दोन-तीनच्या वर जाईना, अमेरिका सातच्या खाली येईना. १९६२ च्या पगवॉश परिषदेत तीन अमेरिकी आणि तीन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मिळून तोड सुचवली. सीलबंद, आपोआप चालणारी भूकंपमापकं एकमेकांच्या देशांत ठेवायची, म्हणजे परकी माणसं कमी वेळा आत येतील. करार काही त्यावर झाला नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत सही झाली ती हवा, पाणी आणि अवकाश यांतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या अर्ध्या करारावर. त्यामागे लोकमताचाही रेटा होता. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात संशोधक आणि नागरिकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात हजारोंनी गोळा केले होते, आणि चाचण्यांच्या धुळीतलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० त्या दातांत वाढत चाललंय हे मोजून दाखवलं होतं. भूमिगत चाचण्या मात्र त्यानंतरही तीन दशकं चालू राहिल्या.

या भांडणातून भूविज्ञानाला एक घबाड मिळालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाचण्या ओळखता याव्यात म्हणून अमेरिकेने साठच्या दशकात जगभर एकसारख्या बनावटीच्या भूकंपमापकांची शंभराहून जास्त स्थानकं उभारली. त्यामुळे भूकंपांचे नकाशे एवढे रेखीव झाले की पृथ्वीचं कवच तुकड्यांचं बनलेलं आहे आणि ते तुकडे सरकतात, या सिद्धान्ताला भक्कम पुरावा मिळाला. पैसा दिला होता बॉम्बच्या धास्तीने!

सगळा संवाद यंत्रांभोवतीच फिरत होता असं मात्र नाही. १९६४ च्या सुरुवातीला उदयपूरला पगवॉशची परिषद भरली. तिथे जॅक रुइना आणि मरी गेल-मान या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक निबंध मांडला: येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी संरक्षण यंत्रणा उभारली तर शस्त्रस्पर्धा आणखी भडकेल, कारण समोरचा ती भेदण्यासाठी आपली क्षेपणास्त्रं वाढवणार. सोव्हिएत शास्त्रज्ञांना हे अजब वाटलं. स्वतःचं रक्षण करणं वाईट कसं? तीन वर्षांनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनीही अमेरिकी अध्यक्षांच्या भेटीत हीच भूमिका घेतली. पण चर्चा थांबली नाही, आणि मे १९७२ मध्ये अशा यंत्रणांवर कडक मर्यादा घालणारा करार झाला. श्रेय एकट्या पगवॉशचं नाही. दोन्हीकडे खर्चाचा धसकाही होता. पण या कल्पनेची मशागत आधी शास्त्रज्ञांच्या बैठकांत झाली, हे नाकारता येत नाही.

पगवॉशचा गौरव करताना एक गोष्ट झाकली जाते. ‘व्यक्ती म्हणून’ आलेले सोव्हिएत शास्त्रज्ञ खरोखर मोकळे नव्हते. कुणी जायचं ते वर ठरे आणि कितीतरी भाषणं सरकारी भूमिकेबाहेर पाऊल टाकत नसत. माझ्या मते तरीही ते उपयोगाचं होतं, आणि नेमकं त्यामुळेच: इथे बोललेलं मॉस्कोत योग्य कानांवर पडणार, याची खात्री असे.

कझाकस्तानातल्या त्या स्थानकांनी काय साधलं? शत्रूच्या चाचणी क्षेत्राशेजारी आपली यंत्रं ठेवता येतात, हे सिद्ध झालं. शिवाय तिथल्या खडकातून लहरी कशा प्रवास करतात याची थेट माहिती मिळाली. जिनिव्हात १९७६ पासून स्वीडनच्या पुढाकाराने एक शास्त्रीय तज्ज्ञगट जगभरच्या नोंदींची देवाणघेवाण कशी करायची याच्या तालमी घेत होता. म्हणून १९९६ मध्ये सर्वंकष चाचणीबंदी करार, म्हणजे सीटीबीटी, तयार झाला तेव्हा देखरेखीचा आराखडा शून्यातून काढावा लागला नाही. त्यात ३२१ स्थानकं आणि १६ प्रयोगशाळा आहेत. भूकंपमापकांबरोबर समुद्रातले ध्वनिग्राहक, कानाला ऐकू न येणारे मंद ध्वनी टिपणारी यंत्रं आणि हवा गाळून किरणोत्सारी कण-वायू शोधणारी केंद्रंही आली.

या शेवटच्या केंद्रांचं महत्त्व ऑक्टोबर २००६ मध्ये दिसलं. उत्तर कोरियाची पहिली चाचणी एक किलोटनपेक्षाही लहान होती. हादरा वीसहून अधिक स्थानकांनी टिपला. पण तेवढाच हादरा पुष्कळशा साध्या स्फोटकांनीही बसू शकतो. अणुस्फोटाची खूण म्हणजे झेनॉन. हा वायू कशाशीही संयोग पावत नाही, त्यामुळे खडकातल्या चिरांमधून झिरपत वर येतो. त्यातलं झेनॉन-१३३ दर सव्वापाच दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे शोधायला वेळ फार नसतो. दोन आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रात त्याचा माग लागला. वाऱ्यांची गणितं उलटी मांडल्यावर बोट कोरियाकडेच गेलं.

एवढं होऊनही करार आजवर लागू झालेला नाही. ज्यांची मान्यता अनिवार्य आहे अशा ४४ देशांपैकी भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियाने सही केलेली नाही. अमेरिका आणि चीनने सही केली, पण पुढचं शिक्कामोर्तब नाही. रशियाने आधी दिलेली मान्यता २०२३ मध्ये मागे घेतली. करार अधांतरी असला तरी यंत्रं मात्र रात्रंदिवस चालू आहेत.

शास्त्रज्ञाच्या एका साध्या सूचनेने प्रत्यक्ष बॉम्ब मोडीत निघाल्याचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये एमआयटीतले भौतिकशास्त्रज्ञ थॉमस नेफ यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सुचवलं की रशियन बॉम्बमधलं समृद्ध युरेनियम पातळ करून अमेरिकेने अणुभट्ट्यांसाठी विकत घ्यावं. १९९३ ते २०१३ या काळात ५०० टन युरेनियम असं इंधन झालं. ते सुमारे २०,००० बॉम्बचं होतं. अमेरिकेतल्या दहातल्या एका दिव्यामागे त्या काळात हे इंधन होतं.

आता उरलेलं कोडं वॉरहेडचं, म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसवलेल्या प्रत्यक्ष बॉम्बचं. आजवरचे करार मुख्यतः क्षेपणास्त्रं आणि विमानं मोजत आले. मोडून टाकायला आणलेली पेटी उघडून आत खरंच बॉम्ब आहे का, हे कुणी बघू देत नाही. जुलै १९८९ मध्ये काळ्या समुद्रात याल्टाजवळ स्लावा या सोव्हिएत युद्धनौकेवर अमेरिकी शास्त्रज्ञांनी क्षेपणास्त्राच्या नळीवर गॅमा किरणांचा शोधक ठेवला. आत युरेनियम आणि प्लुटोनियम असल्याचं बाहेरूनच कळलं. पण तोच आलेख आणखी बारकाईने वाचला तर बॉम्बची रचनाही उलगडू लागते, आणि ते गुपित कुणीच देणार नाही.

२०१४ मध्ये प्रिन्स्टनमधल्या ग्लेझर, बराक आणि गोल्डस्टन यांनी यावर गणिती क्लृप्ती सुचवली. समजा, दोन बंद डब्यांत सारख्याच गोट्या आहेत असा माझा दावा आहे, पण किती ते सांगायचं नाही. मी दोन बादल्यांत, शंभर भरायला जेवढ्या कमी पडतील तेवढ्या गोट्या आधीच गुपचूप टाकून ठेवतो. कुठला डबा कुठल्या बादलीत ओतायचा ते तुम्ही ठरवायचं. दोन्हीकडे शंभर भरले तर डबे सारखे, आणि मूळ आकडा तुम्हाला कळलाच नाही. प्रत्यक्षात गोट्यांच्या जागी वॉरहेडमधून आरपार जाणारे न्यूट्रॉन असतात, आणि पलीकडचे शोधक आधीच असे ‘भरून’ ठेवलेले असतात. वस्तू अस्सल असली तर सगळीकडे एकसारखी कोरी मोजणी येते. बनावट असली की नक्षी उमटते. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांवर हा प्रयोग करून झाला आहे.

पण यातून सिद्ध होतं ते इतकंच की दुसरी वस्तू पहिलीसारखी आहे. पहिली तरी खरी कशावरून? एक उत्तर असं की तपासनिसाने तैनात क्षेपणास्त्रांतलं कुठलंही एक ऐनवेळी निवडावं. आपल्याच तळांवर पोकळ बॉम्ब लावून ठेवणं कुणालाही परवडणारं नाही. मग निवडलेलं वॉरहेड तळावरून मोडणीच्या जागी पोचेपर्यंत अदलाबदल होऊ नये म्हणून सीलं, कॅमेरे, सोबतची माणसं आली. त्यातली यंत्रं आणायची कुणी? पाहुण्याने आणली तर यजमानाला हेरगिरीची भीती, यजमानाने दिली तर पाहुण्याला फसवणुकीची. ब्रिटन आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी २००७ पासून मिळून काम केलं ते याच गाठीवर. अशा कामातून पुढे आलेला एक मार्ग म्हणजे उपकरण दोघांनी एकत्र घडवायचं, त्याच्या जास्तीच्या प्रती काढायच्या, आणि कुठली प्रत तपासणीला वापरायची नि कुठली नंतर सुटी करून तपासायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.