वॉटर स्कूटरच्या तापमान-भोंग्याची चाचणी

वॉटर स्कूटरचे (बोलीत जेट स्की) इंजिन प्रमाणाबाहेर तापल्यावर वाजणारा भोंगा नीट चालतो का, हे इंजिन न तापवता तपासण्याची पद्धत.

मागे फेकल्या जाणाऱ्या जेटच्या पाण्यातलाच थोडा भाग नळीने इंजिन आणि एक्झॉस्टकडे वळवलेला असतो. सी-डू या ब्रँडच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिनापुरते कूलंट बंद चक्रात फिरते, पण एक्झॉस्टला तिथेही बाहेरचेच पाणी लागते. म्हणजे पाणी आत घेणारी तळाची जाळी तुंबली की दोन्ही प्रकारच्या गाड्यांची गत एकच. मराठवाड्यात तुंबायला कारणे भरपूर : नांदेडला गोदावरीत जलपर्णी माजते, आणि पैठणचा नाथसागर (१९७६) विस्ताराने अफाट असला तरी उथळ, गाळाचा. तो पक्षी अभयारण्यही असल्याने चाचणी काठावर, ट्रॉलीवरच उरकलेली बरी.

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांतला सेन्सर म्हणजे साधा स्विच. ठरलेल्या तापमानाला तो वायर अर्थ करतो, म्हणजे इंजिनाच्या धातूशी जोडतो. ती वायर काढून इंजिनाच्या धातूला टेकवली की भोंगा वाजला पाहिजे. बहुतेक गॅरेजांत चाचणी इथेच संपते, आणि ती अर्धवट असते. भोंगा नि वायरिंग ठीक, एवढेच त्यातून कळते. सेन्सर मेलेला असला तरी भोंगा वाजतोच.

म्हणून सेन्सर खोलून पातेल्यातल्या पाण्यात असा टांगावा, की नुसते धातूचे टोक बुडेल पण बुडाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड झाला की बीप होते त्या खुणेवर) ठेवून एक पिन टर्मिनलला, दुसरी सेन्सरच्या धातूला. पाणी तापत जाते, मीटर गप्प. मग एकदम बीप. तो आकडा मॅन्युअलशी ताडावा. इथे उंची आड येते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर असल्याने पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. सेन्सर ९९ अंशांचा असेल, तर पातेले तासभर खदखदले तरी मीटर बोलणार नाही आणि धडधाकट सेन्सर भंगारात जाईल. अशा वेळी पाण्याऐवजी गोडेतेल घ्यावे. सेन्सर आधी कोरडा पुसावा, नाहीतर तेल अंगावर उडते.

नव्या गाड्यांत स्विचऐवजी तापेल तसा रोध कमी होणारा सेन्सर असतो आणि तो ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) वाचते. त्याची वायर अर्थ करण्याच्या भानगडीत पडू नये. थंड आणि गरम असताना ओहम (रोध) मोजून मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवावेत.

भोंगा वाजेपर्यंत गाडी कोरडी चालवणे हा निव्वळ आडदांडपणा. भोंग्याआधी एक्झॉस्टचा रबरी होज आणि शाफ्टचे सील जळू शकते. इंजिन चालवून पाहायचेच, तर पाण्याचा पाइप जोडून, तेही थोडा वेळ : आधी इंजिन सुरू, मग नळ, थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम उलटला तर पाणी एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरात शिरते.