मचाणावरचा सर्वांत धोक्याचा क्षण

अमेरिकेतील विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत नोव्हेंबर महिना पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा असतो. परवाना घेऊन, ठरलेल्या मुदतीत होणाऱ्या या शिकारीसाठी लोक पहाटेच्या अंधारात झाडावर चढतात आणि जमिनीपासून पंधरा ते वीस फुटांवर, खोडाला पट्ट्यांनी बांधलेल्या लहानशा धातूच्या बैठकीवर तासन्‌तास निश्चल बसून राहतात. एवढे उंच जाण्याचे मुख्य कारण हरणाच्या नाकात आहे. माणसाचा वास जमिनीलगतच्या वाऱ्यातून त्याला दूरवरूनही कळतो. उंचावर बसल्यास तो काही प्रमाणात त्याच्या डोक्यावरून निघून जातो. दुसऱ्याची गोळी लागू नये म्हणून हे शिकारी भडक केशरी जाकीट घालतात. मात्र या शिकारीतील गंभीर दुखापतींचे एक मोठे कारण गोळी नसून झाडावरून पडणे हे आहे.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीची दारे बंद केली असली तरी मचाण गेलेले नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अभयारण्यांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर निसर्गप्रेमी प्राणी पाहण्यासाठी बसतात, आणि विदर्भात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला जाणारा शेतकरी तर हंगामभर रात्री मचाणावर काढतो. म्हणूनच अमेरिकी शिकाऱ्यांच्या अपघातांतून जे शिकता येते, ते आपल्याही उपयोगाचे आहे.

वीस फूट म्हणजे सुमारे सहा मीटर. एवढ्या उंचीवरून सुटलेले शरीर साधारण १.१ सेकंदात जमिनीवर येते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. पडू लागल्यावर एखादी फांदी धरता येईल, असा विश्वास पुष्कळांना वाटतो. परंतु अनपेक्षित घटनेची जाणीव होऊन हात हलेपर्यंत पाव सेकंद सहज जातो, आणि अर्ध्या सेकंदात शरीराचा वेग ताशी जवळजवळ १८ किलोमीटर झालेला असतो. थंडीने बधिर झालेल्या बोटांना त्या वेगातील नव्वद किलोंचे शरीर अडवता येत नाही. जमिनीवर टाचा किंवा नितंब आधी टेकले, तर धक्का पाठीच्या कण्यातून सरळ वर चढतो. छातीच्या भागातील मणके बरगड्यांमुळे ताठ असतात, कंबरेचे मणके त्या मानाने लवचिक असतात, आणि हे दोन भाग जेथे जुळतात, त्या बाराव्या छातीच्या व पहिल्या कंबरेच्या मणक्यापाशी ताण एकवटतो. तेथला मणका चिरडला आणि त्याचे तुकडे मज्जारज्जूत घुसले, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

बैठकीवर स्थिर बसलेला माणूस सहसा पडत नाही. चढताना, उतरताना आणि विशेषतः शिडीची शेवटची पायरी सोडून बैठकीवर पाऊल टाकताना तो पडतो. त्या एका पावलात शरीराचा भार एका आधारावरून दुसऱ्यावर जात असतो, पायरीवर दव किंवा हिमकण साचलेले असतात, जाड कपड्यांमुळे पाय नीट उचलत नाही आणि अंधारही असतो. पुष्कळ जण मात्र वर पोहोचून, स्थिरस्थावर झाल्यानंतर मग सुरक्षा पट्टा झाडाला अडकवतात. म्हणजे जेथे धोका सर्वांत जास्त, नेमके तेथेच संरक्षण नसते. माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: जमिनीवरून पाय उचलण्यापूर्वी पट्टा दोराला जोडलेला असला पाहिजे आणि पाय पुन्हा जमिनीला लागेपर्यंत तो सोडता कामा नये.

हे शक्य करणारी युक्ती गिर्यारोहणातून आली आहे. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये एका गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. जाड दोराभोवती बारीक दोरीचे काही वेढे घालून बांधलेली ही गाठ भार नसताना हाताने वर-खाली सरकते, पण एकाएकी भार पडताच तिचे वेढे आवळतात आणि घर्षणामुळे ती जागच्या जागी घट्ट बसते. बैठकीच्या वर खोडाला बांधून खाली मुळापर्यंत सोडलेल्या दोरावर ही गाठ आपल्याबरोबर सरकवत चढले, तर निसटणारा माणूस थोड्याच अंतरावर अडकतो.

येथे ढिलाईचे गणित समजून घ्यावे लागते. पडणाऱ्या शरीराला थांबवणारे सरासरी बल किती, हे मोकळे पडण्याचे अंतर आणि थांबण्याचे अंतर यांवर ठरते. पट्ट्याला दोराशी जोडणारी दोरी, म्हणजे जोडदोरी, एक मीटर ढिली असेल आणि शरीर दहा सेंटीमीटरमध्ये थांबले, तर ते बल वजनाच्या अकरा पट होते; नव्वद किलोंच्या माणसासाठी ते ९.७ किलोन्यूटन भरते, आणि अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांतील सुमारे आठ किलोन्यूटनची मर्यादा ते ओलांडते. तेच ढिलाई तीस सेंटीमीटर ठेवली आणि जोडदोरीतील धक्का शोषणारी शिवण उसवत जाऊन अर्ध्या मीटरमध्ये शरीर थांबले, तर बल वजनाच्या केवळ १.६ पट राहते. म्हणून जोडदोरी डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर बांधावी आणि बसल्यावर ती जवळजवळ ताणलेली असावी. नुसता कमरेचा पट्टा तर वापरूच नये, कारण सगळा धक्का पोटावर व कण्यावर येतो. बांधकामावरील कामगारांना पडण्यापासून वाचवण्यासाठी असा पट्टा वापरण्यास अमेरिकेने १ जानेवारी १९९८ पासून मनाई केली. खांदे, छाती आणि मांड्या यांवर भार वाटणारा पूर्ण अंगाचा पट्टाच हवा.

पट्ट्याने पडणे थांबवले तरी संकट संपत नाही. पायांतील रक्त हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे व मांड्यांचे स्नायू करतात. निश्चल लोंबकळत असताना हे काम थांबते, रक्त पायांत साचते, मेंदूला ते कमी पडू लागते आणि काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते. एरवी बेशुद्ध माणूस आडवा पडून सावरतो, येथे तो उभाच राहतो, आणि अर्ध्या तासाच्या आतही मृत्यू ओढवू शकतो. यासाठी पट्ट्याला पाय अडकवण्याचा फास असलेली पट्टी जोडलेली असावी, तीत उभे राहून पाय हलवत राहावे. फोन हाताला लागेल अशा खिशात असावा आणि आपण कोणत्या झाडावर आहोत, हे घरी कोणाला तरी ठाऊक असावे. सुटका झालेल्याला आडवे झोपवू नये, हा जुना सल्ला आता ग्राह्य मानला जात नाही. त्याला नेहमीप्रमाणे आडवे करून प्रथमोपचार द्यावेत.

शेवटी प्रश्न उरतो झाडाचा. खोड दरवर्षी जाडीने वाढते, त्यामुळे वर्षभर बांधून ठेवलेल्या पट्ट्या ताणल्या जातात, आणि उन्हातील अतिनील किरणांनी त्यांच्या धाग्यांतील रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. वरून धडधाकट दिसणारी पट्टी त्यामुळे एका हंगामानंतर भरवशाची राहत नाही. हंगाम संपताच ती काढून घरात ठेवावी. मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ २००२ मध्ये एमराल्ड ॲश बोरर ही खोड पोखरणारी कीड आढळली आणि तिने तेव्हापासून कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. मेलेल्या ॲशचे लाकूड लवकर सुकते, ठिसूळ होते आणि पूर्वसूचना न देता मोडते. अशा उभ्या मेलेल्या झाडाला बैठक बांधू नये, दोरही बांधू नये.