पेशव्यांनी आरमार बुडवलं, पण कोणाचं?

शनिवारवाड्यासमोर इतिहासाच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘नानासाहेबांनी मराठ्यांचं आरमार बुडवलं आणि समुद्र इंग्रजांना मोकळा झाला.’

यात अर्धं खरं आहे, आणि तेच जास्त बोचतं. विजयदुर्गचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, ही चूकच. तिची सारवासारव मी करणार नाही. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळालं ते तुळाजींचं आरमार. इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या तोफांच्या माऱ्यात एका जहाजानं पेट घेतला आणि आग जवळजवळ उभ्या असलेल्या बाकीच्या गलबतांवर पसरली. आंग्रे घराण्याच्या कुलाबा शाखेचं आरमार वेगळं होतं, ते शाबूत राहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजांशी झालेल्या तहानं विजयदुर्ग पेशव्यांकडे आला (बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेलं, हेही विसरू नये). पुढे तिथेच पेशव्यांचं आरमार नांदलं, धुळप या सरदार घराण्याच्या हाताखाली. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या आरमारानं कोकण किनाऱ्यावर इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज लढून पकडलं. म्हणजे ‘बुडालेल्या’ आरमारानं, तब्बल २७ वर्षांनी. त्या खलाशांचं नाव मात्र आपल्या गप्पांत कधीच निघत नाही.