जॉन हाइझमन: पासचा पाठपुरावा आणि २२२-० चा वाद

क्लीव्हलँडमध्ये १८६९ साली जन्मलेले जॉन हाइझमन आधी ब्राउन आणि मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळले. कायद्याची पदवी घेऊनही ते वकिलीकडे वळले नाहीत. १८९२ मध्ये ओबरलिन कॉलेजचे प्रशिक्षक झाले. पुढे ऑबर्न, क्लेमसन आणि १९०४ पासून अटलांटातलं जॉर्जिया टेक (पुढे नुसतं ‘टेक’) या संस्थांचे संघ त्यांनी घडवले.

१८९५ मध्ये अटलांटातल्याच एका सामन्यात अडचणीत सापडलेल्या खेळाडूने किक मारण्याऐवजी चेंडू सरळ पुढे फेकला. तेव्हा ते नियमबाह्य होतं, पण पंचांनी गुण दिले. हाइझमन ते पाहत होते. घोळक्याने एकमेकांवर तुटून पडण्याच्या त्या काळच्या खेळाला फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू असा पुढे फेकणं, मोकळा करेल, हे त्यांनी ओळखलं आणि नियम समितीकडे पाठपुरावा सुरू केला. समितीने वर्षानुवर्षं दाद दिली नाही. १९०५ च्या हंगामात अनेक तरुण खेळाडू दगावले, खुद्द राष्ट्राध्यक्षांना लक्ष घालावं लागलं, तेव्हा कुठे १९०६ मध्ये पासला मान्यता मिळाली. ही दिरंगाई अक्षम्य होती.

हाइझमन यांच्यावरचा मोठा आक्षेप मात्र ७ ऑक्टोबर १९१६ चा आहे. टेनेसीतल्या कंबरलँड कॉलेजने फुटबॉल बंद केला होता आणि टेकशी ठरलेला सामना रद्द करायची विनंती केली होती. हाइझमन यांनी करारावर बोट ठेवलं: या, नाहीतर ३,००० डॉलर भरा. कंबरलँडने मिळतील ती मुलं गोळा करून अटलांटा गाठलं. मध्यंतराला गुणफलक होता १२६-०. उत्तरार्धाची वेळ कमी केली, तरी शेवट २२२-० असा झाला. पासच्या या पुरस्कर्त्याच्या संघाने त्या दिवशी एकही पास टाकला नाही. गरजच पडली नाही.

समर्थक दोन कारणं देतात. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडने टेकला २२-० ने हरवलं होतं, आणि त्यात भाडोत्री व्यावसायिक खेळाडू उतरवल्याचा संशय होता. दुसरं म्हणजे, नुसत्या गुणांच्या बेरजेवर संघांची थोरवी ठरवणाऱ्या क्रीडा पत्रकारांना त्या आकड्यांचा फोलपणा दाखवायचा होता. दोन्ही कारणं खरी धरली तरी १२६ गुणांनी ती पुरेपूर साध्य झाली होती. पुढचे ९६ गुण मैदानावरच्या त्या विद्यार्थ्यांनी का सोसायचे? बेसबॉलचा हिशेब त्यांच्याकडून वसूल करणं न्यायाचं नव्हतं.

१९१७ मध्ये टेक अपराजित राहिलं आणि राष्ट्रीय विजेतं ठरलं. दक्षिणेकडच्या संघांना तोवर कुणी फारसं मोजत नसे, त्यामुळे हाइझमन यांचं हे काम मला त्या २२२ गुणांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. १९१९ च्या हंगामानंतर घटस्फोट झाला. पत्नी जिथे राहील ते शहर आपण सोडायचं, असं ठरल्याने त्यांनी अटलांटा सोडलं. प्रशिक्षक म्हणून शेवटची वर्षं ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात गेली, १९२७ पर्यंत.

नंतर न्यूयॉर्कमधल्या एका क्लबचे ते क्रीडा संचालक झाले. या क्लबने १९३५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूला ट्रॉफी द्यायला सुरुवात केली. सांघिक खेळात एकट्याला बक्षीस देण्याची कल्पना हाइझमन यांना आधी पटली नव्हती. ३ ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूमोनियाने ते वारले आणि त्याच वर्षी क्लबने ट्रॉफीला त्यांचं नाव दिलं.