अमेरिकेतील मुलांचे सॉकर : रेक आणि क्लब

साधारण ४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळेबाहेर चालणारी फुटबॉलची व्यवस्था. तिच्या दोन मुख्य शाखा आहेत. हौशी शाखेला बोलण्यात ‘रेक’ म्हणतात, स्पर्धात्मक शाखेला ‘क्लब’ किंवा ‘ट्रॅव्हल’. दोहोंतला फरक खेळाच्या दर्जाचा आहे असे वरवर वाटते. तो आहेही, पण खरा फरक घराकडून काय मागितले जाते याचा आहे. रेकला शनिवारची सकाळ दिली की भागते. क्लबला वर्ष द्यावे लागते.

अमेरिकेत ‘फुटबॉल’ हा शब्द दुसऱ्याच खेळाने अडवून ठेवला असल्याने याला सॉकर म्हणतात. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांचा खेळ ही त्याची ओळख बराच काळ टिकून होती. १९६४ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात नऊ संघांनिशी ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ म्हणजे एवायएसओ सुरू झाली. १९७४ मध्ये राज्य संघटनांना एकत्र बांधणारी ‘यूएस यूथ सॉकर’ उभी राहिली. दरम्यान १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांना मुलींना खेळात बरोबरीची संधी देणे भाग पडले आणि मुली मोठ्या संख्येने मैदानात उतरल्या. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळू लागला, १९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला, आणि १९९९ मध्ये महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत पाहायला रोझ बोल या स्टेडियममध्ये ९० हजारांवर प्रेक्षक जमले. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर ‘सॉकर मॉम’, म्हणजे मुलांना गाडीत घालून सरावाला नेणारी उपनगरातली आई, हा मतदारांचा एक प्रकारच मानला गेला.

रेकची चौकट बऱ्याच अंशी एवायएसओने घालून दिली. नाव नोंदवील त्याला प्रवेश, निवडचाचणी नाही. प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ मैदानावर असलेच पाहिजे. आणि संघ तुल्यबळ हवेत, म्हणून दर वर्षी ते मोडून नव्याने बांधायचे. गेल्या वर्षी सगळे सामने जिंकलेला संघ यंदा पाच ठिकाणी विखुरतो आणि त्याबरोबर आयांनी मोठ्या मिनतवारीने जुळवलेली गाड्यांची पाळीही मोडते. फी हंगामाला शंभर-दोनशे डॉलरच्या घरात असते. आठवड्यातून एक-दोन सराव, शनिवारी सामना. मुख्य हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, जमल्यास वसंतात दुसरा.

इतक्या कमी पैशांत हे चालते, कारण प्रशिक्षक फुकट असतो. तो बहुधा संघातल्याच कुणाचा बाबा किंवा आई. ऑगस्टमध्ये संयोजकांचा ईमेल येतो, की अमुक संघाला अजून कोच नाही आणि कुणी पुढे आले नाही तर संघ होणार नाही. अशा ईमेलमुळे कोच झालेल्यांची संख्या हौसेने झालेल्यांहून कमी नसावी. मात्र ‘हो’ म्हटले की लगेच शिटी गळ्यात पडत नाही. २०१८ मध्ये झालेल्या ‘सेफ स्पोर्ट’ कायद्यानंतर मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रौढांना लैंगिक शोषण रोखण्याचे ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावे लागते, पूर्वचारित्र्याची तपासणीही होते. सहा वर्षांच्या मुलांना शंकूंमधून चेंडू न्यायला शिकवण्यासाठी एवढे सोपस्कार कशाला, असे पहिल्यांदा वाटते. अमेरिकी खेळजगतातली गेल्या दशकातली प्रकरणे वाचली की वाटेनासे होते.

आठ वर्षांखालचा सामना मैदानाच्या एका तुकड्यावर होतो. दोन्हीकडे चार-चार मुले, गोलरक्षक नाही, चेंडू तीन नंबरचा, म्हणजे लहान. शिटी वाजली की आठही जण गुळाच्या खड्याला मुंगळे लागावेत तसे चेंडूला लागतात. एखादी मुलगी त्या घोळक्यातून बाहेर पडून गवतातले फूल खुडत असते. गोल मोजायचे नाहीत असा संकेत आहे, पण आकडा सगळ्यांना पाठ असतो. नऊ-दहा वर्षांच्या गटात सात जण, अकरा-बाराच्या गटात नऊ, आणि तेरा वर्षांच्या गटापासून पुरते अकरा. ही चढती भाजणी राष्ट्रीय महासंघाने २०१७ पासून सर्वांना लागू केली. सातच्या खेळात मैदानावर एक जादा रेषाही असते: गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघाने तिच्यामागे जायचे, म्हणजे लांब लाथ मारण्याऐवजी मुले पास देत पुढे यायला शिकतात. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी चेंडू डोक्याने मारायचा नाही. मारलाच तर समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक. मेंदूच्या इजांवरून पालकांनी २०१४ मध्ये केलेल्या दाव्याची तडजोड होताना, २०१५ मध्ये हा नियम आला.

सामन्याआधी पंच मुलांना ओळीत उभे करून शिन गार्ड (नडगीवरचे कवच) ठोकून पाहतो आणि दागिने उतरवायला लावतो. इथे मराठी घरांची हमखास अडचण होते. नुकतेच कान टोचलेले असले तर डूल काढता येत नाहीत, आणि वरून चिकटपट्टी लावणे नियमात बसत नाही. कान टोचायचे तर हंगाम संपल्यावर, हे शहाणपण एका मुलीच्या आईकडून दुसरीच्या आईकडे जाते. सामन्यानंतरच्या खाऊची पाळी आली की दुसरा धडा: शेंगदाण्याची चिक्की चालत नाही, कारण संघात एकाला तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असते. दुकानातल्या बऱ्याच फळांच्या गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते, म्हणून त्या आपल्याला चालत नाहीत. शेवटी संत्र्याच्या फोडी नेल्या जातात.

क्लबची सुरुवात चाचणीने होते. बऱ्याच राज्यांत ती मे-जूनमध्ये असते. मुलांच्या पाठीवर आकडे लावलेले, कडेला वही घेऊन उभे असलेले प्रशिक्षक, आणि कुंपणापलीकडे मोबाइल पाहत असल्याचा आव आणणारे पालक. दोन-तीन दिवसांत ईमेल येतो: अ संघ, ब संघ, किंवा क्षमस्व. होकार द्यायला एक-दोन दिवसांची मुदत आणि बरोबर परत न मिळणारी अनामत. त्या एका ‘स्वीकार’च्या बटणाने घर वर्षाला बांधले जाते, हे बहुतेकांना नंतर कळते. मुलाचे मन डिसेंबरात उडाले किंवा बदली होऊन गाव सुटले, तरी उरलेले हप्ते सहसा चुकत नाहीत. संमतीपत्रातला परताव्याचा परिच्छेद सही करण्याआधी वाचावा.

क्लबात प्रशिक्षक पगारी असतो, महासंघाचे डी, सी, बी, ए असे परवाने चढत गेलेला. सराव आठवड्याला दोन-तीनदा, वर्षातले जवळजवळ दहा महिने. खेळायला किती मिळेल याची हमी नसते. वार्षिक फी हजारांत मोजली जाते, आणि ती खर्चाची फक्त पहिली ओळ. गणवेशाचा संच, स्पर्धांची प्रवेश फी, पेट्रोल वेगळे. मेमोरियल डे, लेबर डे अशा जोडसुट्ट्यांना परगावच्या स्पर्धा असतात आणि काही आयोजक त्यांच्याच यादीतल्या हॉटेलात उतरण्याची अट घालतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी बरेच क्लब सवलत ठेवतात, पण ती मागावी लागते.

युरोपात होतकरू मुलाचा खर्च व्यावसायिक संघ उचलतात, कारण तो पुढे विकला गेला की घडवणाऱ्या क्लबांना वाटा मिळतो. अमेरिकेत हा वाटा बराच काळ वसूलच केला जात नव्हता. मेजर लीग सॉकर (एमएलएस) या तिथल्या व्यावसायिक लीगने त्यावर हक्क सांगायचे २०१९ मध्ये ठरवले. तोवर पैसा येण्याची एकच जागा होती, ती म्हणजे पालकांचा खिसा. अगदी वरच्या पायरीवर मुलांसाठी २०२० पासूनची ‘एमएलएस नेक्स्ट’ आणि मुलींसाठी २००९ पासूनची ‘ईसीएनएल’ या स्पर्धामालिका आहेत. व्यावसायिक संघांच्या स्वतःच्या अकादम्या सहसा फी घेत नाहीत, पण तिथवर पोचणारी मुले मोजकीच. ‘शेवटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल’ हा हिशेब मांडून हप्ते भरणारे पालक बरेच असतात. २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयाला पुरुष संघासाठी ९.९ आणि महिला संघासाठी १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच मर्यादा होती, आणि त्या तुकडे करून पंचवीस-तीस खेळाडूंत वाटल्या जात. तेवढे पैसे बँकेत टाकले असते तर, हा हिशेब त्यांच्यासमोर मांडू नये.

वयोगट कसे पाडायचे, यानेही घरे वेठीला धरली जातात. २०१७ पासून जानेवारी ते डिसेंबर असे जन्मवर्ष धरले गेले. त्यामुळे सप्टेंबरनंतर जन्मलेली मुले वर्गमित्रांऐवजी वरच्या इयत्तेतल्या मुलांबरोबर खेळू लागली. त्यांचे सोबती नववीत, म्हणजे हायस्कूलमध्ये, जाऊन शाळेच्या संघात खेळायला गेले की आठवीतली ही मुले शरद ऋतूत संघाविना उरत. त्यांना ‘ट्रॅप्ड प्लेअर’ असे नावच पडले. २०२६-२७ च्या हंगामापासून एवायएसओसह मोठ्या संघटनांनी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे शाळेच्या वर्षाशी जुळणारे गट ठरवले आहेत.

दोन शाखांमध्ये पायवाटाही आहेत. रेकमधल्या निवडक मुलांचे, थोडे जास्त सराव आणि थोडी जास्त फी असलेले संघ बऱ्याच गावांत असतात. उलट वाटेने, क्लब सोडून रेकमध्ये परतणारी तेरा-चौदा वर्षांची मुलेही असतात. परतण्याची कारणे विचारली तर गुडघा आणि गृहपाठ ही दोन पुढे येतात. मराठी घरांत तिसरेही असते, रविवारची मराठी शाळा. मंडळाच्या वर्गाची आणि परगावच्या सामन्याची वेळ एकच आली की वर्ग बुडतो, आणि गॅदरिंगच्या तालमीला शिवाजी महाराज क्लीट (सॉकरचे खुंट्यांचे बूट) घालून येतात.

बहुतेक राज्यांत तेराव्या-चौदाव्या वर्षी पंचाचा परवाना मिळतो, आणि धाकट्यांच्या सामन्यांत शिटी वाजवून कित्येक मुले पहिली कमाई करतात. त्यांच्यावर बाजूने ओरडणारे आईबाप हे पंच टिकत नसल्याचे एक मोठे कारण आहे. म्हणून काही लीग एखादा शनिवार मौनाचा पाळतात. टाळी चालते, शब्द नाही. त्या दिवशी प्रवेशद्वाराशी पालकांना लॉलीपॉप वाटले जातात.