तीन पेट्या आणि एक किल्ली: ‘ब्लू प्रिन्स’मधल्या पार्लरची पार्श्वभूमी

‘ब्लू प्रिन्स’ हा व्हिडिओ गेम १० एप्रिल २०२५ रोजी आला. टोंडा रॉस यांनी तो ‘डोगुबॉम्ब’ या आपल्या छोट्या स्टुडिओतून घडवला आणि ‘रॉ फ्युरी’ने प्रकाशित केला. सायमनला त्याच्या आजोबांच्या पिढीतल्या हर्बर्ट सिंक्लेअरकडून माउंट हॉली नावाचा वाडा वारशात मिळतो, पण एका अटीवर: ४५ खोल्यांच्या या वाड्यातली ४६वी खोली शोधून दाखवायची. वाडा म्हणजे पाच उभ्या आणि नऊ आडव्या ओळींची चौकट. प्रत्येक दार उघडताना तीन नकाशे समोर येतात, त्यांतला एक निवडला की दारापलीकडे ती खोली तयार होते. दिवसाची सुरुवात ५० पावलांनी होते, प्रत्येक खोलीत शिरताना एक पाऊल खर्च होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळा वाडा पुसून पुन्हा कोरा होतो.

या नकाशांमध्येच पार्लर आहे, म्हणजे जुन्या इंग्रजी घरातली पाहुण्यांची बैठकीची खोली. टेबलावर निळी, पांढरी आणि काळी अशा तीन पेट्या, त्यांवर कोरलेली विधानं, चावीच्या खेळण्याला असते तशी एक किल्ली आणि नियमांचं एक कार्ड. नियम तीनच. निदान एका पेटीवर फक्त खरी विधानं असतात. निदान एका पेटीवर फक्त खोटी विधानं असतात. बक्षीस एकाच पेटीत असतं, बाकी दोन रिकाम्या. किल्ली एकदाच चालते, त्यामुळे चुकीची पेटी उघडली की त्या दिवसापुरता तो विषय संपला. बक्षीस म्हणजे सहसा दोन रत्नं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चांगल्या खोल्यांचे बरेच नकाशे घ्यायला रत्नंच मोजावी लागतात. हातात एकही रत्न नसलं की तीन पर्यायांपैकी कामाचा तेवढा सोडून द्यावा लागतो.

पेट्यांमधून एक निवडण्याची गोष्ट फार जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्याकडे येतो. मध्ययुगीन युरोपात ‘बार्लाम आणि जोसाफत’ ही कथा घरोघरी माहीत होती. ती मुळात बुद्धचरित्रच, अनेक भाषांतून फिरत गेलेलं. जोसाफत हे नाव ‘बोधिसत्त्व’चं झिजलेलं रूप. या कथेत एक राजा चार पेट्या करवतो. दोन सोन्याने मढवलेल्या, पण आत कुजकी हाडं. दोन डांबर फासलेल्या, आत रत्नं. दरबारी अर्थातच सोन्याला भुलतात. पुढे ‘गेस्टा रोमानोरम’ या लॅटिन कथासंग्रहात तीन पात्रं झाली, सोन्याचं, चांदीचं आणि शिशाचं, आणि प्रत्येकावर मजकूर आला. निवड करायची होती एका राजकन्येला. शेक्सपिअरने १५९६-९७च्या सुमारास लिहिलेल्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये तीच योजना वापरली, फक्त निवडणारे केले नायिका पोर्शियाशी लग्न करू पाहणारे उमेदवार. तिचं चित्र शिशाच्या पेटीत असतं. सोनं निवडणाऱ्या मोरोक्कोच्या राजपुत्राला आत कवटी मिळते, चांदी निवडणाऱ्या अॅरागॉनच्या राजपुत्राला एका मूर्खाचं चित्र.

या सगळ्या गोष्टींत पेटीवरचा मजकूर तर्काने सोडवायचा नसतोच. तो माणसाची पारख करतो. ‘जो मला निवडेल त्याला त्याच्या लायकीइतकं मिळेल’ हे वाक्य खरं की खोटं हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

तो प्रश्न उभा केला रेमंड स्मलियन यांनी. हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ (१९१९–२०१७) काही काळ व्यावसायिक जादूगार होते आणि १९५९मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात अलोन्झो चर्च यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली. १९७८च्या ‘व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?’ या पुस्तकात त्यांची पोर्शिया हुशारी तपासते. सोन्याच्या पेटीवर लिहिलंय: ‘चित्र या पेटीत आहे.’ चांदीच्या: ‘चित्र या पेटीत नाही.’ शिशाच्या: ‘चित्र सोन्याच्या पेटीत नाही.’ आणि पोर्शिया सांगते की तिन्हींपैकी फार तर एक विधान खरं आहे. सोनं आणि शिसं एकमेकांच्या नेमकं उलट बोलतात, म्हणजे त्यांतलं एक खरं असणारच. खऱ्याचा कोटा तिथेच संपला, म्हणून चांदीवरचं विधान खोटं आणि चित्र चांदीच्या पेटीत.

आता हीच तीन विधानं पार्लरच्या पेट्यांवर चढवून बघा: सोन्याच्या जागी निळी, चांदीच्या जागी पांढरी, शिशाच्या जागी काळी. निळी आणि काळी उलट बोलतात, म्हणजे एक खरी आणि एक खोटी. कार्डावरच्या पहिल्या दोन अटी तिथेच भागल्या. पांढरीने काहीही बोललं तरी चालतं. बक्षीस निळीत ठेवा, पांढरीत ठेवा किंवा काळीत, कुठेच विसंगती येत नाही. मजकुराचं एक अक्षरही बदललं नाही आणि कोडं मेलं! पेट्यांच्या कोड्यात खरं काम पेटीबाहेरची अट करते, आणि पार्लर समजून घ्यायचं तर नजर तिथे हवी.

स्मलियन अट सतत बदलतात. कधी ‘फार तर एक विधान खरं’, कधी प्रत्येक झाकणावर दोन विधानं आणि एकाही झाकणावर एकाहून जास्त खोटं नाही, कधी पेट्या घडवणारे दोन कारागीर, बेलिनी कायम खरं कोरणारा आणि सेलिनी कायम खोटं. १९८२च्या ‘द लेडी ऑर द टायगर?’मध्ये त्यांनी पेट्यांच्या खोल्या केल्या. फ्रँक स्टॉकटन यांच्या १८८२च्या कथेत कैद्याला दोन दारांतून एक निवडायचं असतं, एकामागे तरुणी, दुसऱ्यामागे वाघ. स्मलियननी त्या दारांवर पाट्या लावल्या आणि कोडी वाढवत नऊ खोल्यांपर्यंत नेली. दारावरची पाटी वाचून आत काय आहे ते ठरवायचं, हे तिथून वाड्याच्या गेमपर्यंत फार लांब नाही.

त्यांचं याहून मोलाचं कोडं दोनच पेट्यांचं आहे. सोन्याच्या पेटीवर: ‘चित्र या पेटीत नाही.’ चांदीच्या पेटीवर: ‘या दोन विधानांपैकी नेमकं एक खरं आहे.’ उमेदवार विचार करतो: चांदीचं विधान खरं धरलं तर सोन्याचं खोटं ठरतं. खोटं धरलं तरी सोन्याचं खोटंच ठरतं, कारण ते खरं असतं तर ‘नेमकं एक खरं’ हे खरं झालं असतं. म्हणजे चित्र सोन्याच्या पेटीत. उघडतो, तर रिकामी! चूक कुठे झाली? विधानं खरी किंवा खोटी असतील असा शब्द त्याला कुणी दिलाच नव्हता. पेटीवर कुणीही काहीही कोरू शकतं.

वाड्याच्या गेमांचा वंश मात्र वेगळा. रोबर्टा आणि केन विल्यम्स यांच्या १९८०च्या ‘मिस्टरी हाउस’पासून तो सुरू होतो, हे धरायला हरकत नाही. १९९३चा ‘द सेव्हन्थ गेस्ट’ सीडीवर आला आणि खोलीगणिक एक कोडं ही पद्धत त्याने रुजवली, पण केक कापण्यापासून बुद्धिबळाच्या सोंगट्यांपर्यंतची त्यातली कोडी त्या घराशी ओढूनताणूनच जोडलेली होती. ‘ब्लू प्रिन्स’चा जवळचा पूर्वज कागदावरचा आहे: क्रिस्टोफर मॅन्सन यांचं १९८५चं ‘मेझ’. या चित्रपुस्तकाचं प्रत्येक पान म्हणजे एक खोली, खोल्या ४५, पहिलीतून पंचेचाळिसावीत जाऊन १६ पावलांत परत यायचं. उत्तराला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ४५चा आकडा माउंट हॉलीत कुठून आला हे वेगळं सांगायला नको. रॉस यांनीही हे ऋण उघडपणे मानलं आहे.

पण पुस्तकातली खोली एकदाच सुटते. ‘ब्लू प्रिन्स’मध्ये तीच खोली अनेक दिवस पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून तिथे दर वेळी नवं आणि तरी दर वेळी समजावून न सांगावं लागणारं कोडं हवं. पार्लरचं कार्ड ही गरज भागवतं. स्मलियन मजकूर साधा ठेवून अट बदलतात. इथे अट कायम आणि मजकूर बदलतो. बिलियर्ड रूममधल्या डार्टबोर्डच्या गणितांचंही तसंच, फक्त तिथे कार्ड नाही, खुणांचे अर्थ आपणच शोधायचे. माझ्या मते पार्लर दोन्हींत सरस, कारण बिलियर्ड रूममध्ये खुणा कळल्या की उरते ती नुसती आकडेमोड.

सोडवायचं कसं? एकेक विधान असलेल्या तीन पेट्यांच्या खऱ्या-खोट्याच्या आठ जोडण्या होतात. सगळ्या खऱ्या आणि सगळ्या खोट्या या दोन कार्ड बाद करतं, उरतात सहा. त्या सहा धुंडाळत बसण्यापेक्षा बक्षिसाच्या तीन जागा धरून चालणं सोपं. समजा निळीवर ‘काळी पेटी रिकामी आहे’, पांढरीवर ‘बक्षीस निळ्या पेटीत आहे’ आणि काळीवर ‘बक्षीस या पेटीत नाही’. बक्षीस निळीत धरलं तर तिन्ही खरी, बाद. काळीत धरलं तर तिन्ही खोटी, बाद. राहिली पांढरी. आडाखा असा: दोन पेट्या एकच गोष्ट सांगत असतील तर तिसरी त्यांच्या विरुद्धच असते.

खेळत गेलं की पेटीवर एकापेक्षा जास्त विधानं येऊ लागतात आणि बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. निळीवर: ‘बक्षीस पांढऱ्या पेटीत आहे. काळी पेटी रिकामी आहे.’ पांढरीवर: ‘पांढरी पेटी रिकामी आहे. बक्षीस निळ्या पेटीत आहे.’ काळीवर: ‘काळी पेटी रिकामी आहे. बक्षीस निळ्या पेटीत आहे.’ बक्षीस निळीत धरलं तर पांढरी आणि काळी पूर्ण खऱ्या, निळी मिश्र. पूर्ण खोटी पेटीच नाही, बाद. काळीत धरलं तर निळी आणि काळी पूर्ण खोट्या, पांढरी मिश्र. पूर्ण खरी नाही, बाद. पांढरीत धरलं तर निळी पूर्ण खरी, पांढरी पूर्ण खोटी आणि काळीवर एक खरं, एक खोटं. हे कार्डाला चालतं. प्रत्येक पेटी पूर्ण खरी किंवा पूर्ण खोटीच असली पाहिजे असं मनात धरून बसलेला खेळाडू काळीकडे बघून हीच जागा खोडतो, मग तिन्ही जागा बाद झाल्या म्हणून कोडंच सदोष ठरवतो. कार्डावर शब्द ‘निदान एक’ असा आहे. तिसऱ्या पेटीवर बंधन नाही.

विधानं विधानांबद्दल बोलू लागली की नुसत्या जागा धरून भागत नाही. निळीवर ‘नेमकी एकच पेटी खरी आहे’ असलं, तर ती खरी धरल्यास बाकी दोन खोट्या. खोटी धरल्यास खऱ्या दोन हव्यात, म्हणजे बाकी दोन्ही खऱ्या. कसंही धरा, बाकी दोघींचं एकमत. आता पांढरीवर ‘बक्षीस निळ्या पेटीत आहे’ आणि काळीवर ‘बक्षीस पांढऱ्या पेटीत आहे’ असेल, तर दोन्ही खरी होऊ शकत नाहीत, म्हणून दोन्ही खोटी आणि बक्षीस काळीत. वहीत एवढं मांडलं की पुरे. बारकाईने पाहणाऱ्याला एक फट मात्र दिसेल: बक्षीस निळीत ठेवलं तर पांढरी खरी, काळी खोटी, कार्डाच्या सगळ्या अटी पूर्ण, आणि निळीवरचं विधान खरंही म्हणता येत नाही, खोटंही नाही. प्रत्येक विधान या दोहोंपैकी एक असतंच, हे त्या कार्डावर कुठेही छापलेलं नाही. सोडवणारे ते गृहीत धरतात.